दीड गुंठ्यातलं ऊन

भारतला सावली आधी दिसली आणि बांबू नंतर. सकाळचे दहा वाजले असतील. आर्किटेक्ट वेदिकाने आठवड्यापूर्वी प्लॉटवर फक्कीने आखून दिलेली बैठकीची खोली तो रोजच्यासारखा पावलाला पाऊल लावून मोजत होता. रोज मोजायची काही गरज नव्हती, खोली काही रात्रीतून आक्रसत नाही. पण निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी काहीतरी मोजायला लागतं. तर सहाव्या पावलाला त्याच्या चपलेवर एक काळी रेघ आली. त्याला वाटलं, वर एखादी वायर ओढली असेल. त्याने पाय बाजूला घेतला. रेघ जमिनीवर तशीच राहिली. तिच्या टोकाला काहीतरी फडफडत होतं, फक्कीच्या पांढऱ्या रेषेच्या आत, जिथे सोफा यायचा होता तिथे. तो रेघेच्या मागे मागे उलटा गेला. ती बैठकीतून निघाली, दक्षिणेकडच्या खिडकीतून बाहेर पडली, हद्दीचा दगड ओलांडून चंदरच्या प्लॉटवर गेली आणि तिथे एका बांबूच्या बुडाशी संपली. दोन बांबू एकावर एक, मध्ये सुतळीचे वेढे आणि शेंड्याला लाल फडकं. काल संध्याकाळी हा बांबू नव्हता. याबद्दल त्याला जराही शंका नव्हती, कारण काल संध्याकाळीही तो आला होता.

चंदर त्याचा थोरला भाऊ. त्यांचे वडील गोटीराम, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, आयुष्यभर याच जमिनीत शेवंती आणि मेथी काढत आले. शहर मखमलाबाद रोडने चालत चालत बांधापर्यंत आलं, जमिनीचे प्लॉट पडले आणि घरात उरले ते तीन, उत्तर-दक्षिण एका ओळीत, प्रत्येकी दीड गुंठ्याला थोडेसे कमी. तात्या गेल्यावर तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. दक्षिणेचा चंदरला गेला, मधला भारतला, उत्तरेचा चुलती लंकाबाईला. तेव्हा चंदर म्हणाला होता, "मधला चांगला. दोन्हीकडून आपलीच माणसं." हे वाक्य इतकी वर्षं भारतच्या मनात गोड होऊन पडलं होतं. आज ते त्याने बाहेर काढून उलटसुलट करून पाहिलं. मधल्याला दोन्हीकडून दाबता येतं, असाही त्याचा अर्थ होतो. आणि तांब्यात हात आधी कोणी घातला होता? त्याला हात आठवत होता. चंदरचा हात, नखांच्या कडा फुलांच्या देठांनी काळ्या झालेला. पण तो आधी होता की नंतर, ते काही केल्या आठवेना. आठवत नाही त्या अर्थी आधीच असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

ही सवय त्याची जन्माची नव्हती. सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं तो तपासणी खात्यात होता. तिथे आलेला प्रत्येक भाग आधी वाईटच धरायचा आणि मग तो चांगला आहे हे त्या भागानेच सिद्ध करायचं. मालवाल्याला काही विचारायचं नाही, विचारलं की तो सांगणारच चांगलं. नुसतं मोजायचं. मोजायची खोली वातानुकूलित, वीस अंशांवर बांधलेली आणि तिला एकही खिडकी नाही. ऊन आलं की धातू फुगतो आणि माप बदलतं, म्हणून उन्हाला तिथे मज्जाव. थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या यायच्या, माणसं दुपारी कारखान्याच्या गेटबाहेर भिंतीला पाठ लावून उन्हात डबा खायची. भारत डबा खाऊन परत त्या वीस अंशांत जायचा. वीस अंश म्हणजे थंडी नव्हे. पण चौतीस वर्षं वीस अंश म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. निवृत्त होताना त्याला एकच गोष्ट हवी होती. घरात ऊन हवं होतं.

हे ऐकून वेदिका हसली नव्हती, म्हणून त्याने तिला काम दिलं. तिशीतली मुलगी. तिने आधी घर काढलंच नाही, सूर्य काढला. थंडीत तो दक्षिणेला कलतो, तेव्हा बैठकीच्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला. वर अडीच फुटांचा छज्जा, म्हणजे चैत्र-वैशाखात डोक्यावर आलेलं ऊन बाहेरच थांबेल आणि मार्गशीर्षातलं तिरपं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत जाईल. पश्चिमेला न्हाणीघर, जिना आणि कोठी, कारण संध्याकाळचा ताप त्यांनी खावा. भिंतींच्या विटा मध्ये पोकळी ठेवून रचायच्या. गरम हवा जिन्यातून वर चढून झरोक्याने निघून जाईल. वरच्या मजल्यावर एकच खोली, ती भारतची, आणि तिच्या गच्चीवर दक्षिणेला तोंड केलेली सोलरची पॅनेलं. "काका, या घराला पंखा मे महिन्यातच लागेल," ती म्हणाली होती, "फक्त दक्षिण मोकळी हवी." फक्त. हा शब्द आता त्या बांबूच्या शेंड्याला बांधल्यासारखा फडफडत होता.

संध्याकाळी चंदर भेटला. फुलबाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन आला होता. चौसष्ट वर्षांचा, पण पाटी अजून स्वतः उचलायचा. त्याने बांबूकडे पाहिलं, मग भारतकडे.

"काठी पाह्यली का?"

"पाहिली," भारत म्हणाला. कशाला आहे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं की आपल्याला ठाऊक नाही हे समोरच्याला कळतं.

"मंग सावकाश पाह्य. घाई नाय. तीन दिस हायेत."

"तीन दिवस?"

"तीनच की. जास्त कशाला?" आणि चंदर पाट्या एकात एक घालत निघून गेला. जाताना त्याने भारतच्या खांद्यावर हात ठेवला होता, हे भारतला घरी गेल्यावर आठवलं. मुदत देणारा माणूस खांद्यावर हात ठेवतो.

त्याची बायको शुभांगी म्हणाली, "अहो, सरळ विचारा की त्यांना. दादाच आहेत ना?" पंचवीस वर्षं भाड्याच्या घरात काढूनही तिचा जगावर विश्वास कसा काय टिकला होता, हे भारतला कधी उलगडलं नाही. तो म्हणाला, "विचारल्यावर खरं सांगायला तो काय खुळा आहे?" ती उठून दूध तापवायला गेली. तिच्या उठून जाण्यातही काहीतरी आहे असं त्याला वाटलं, पण एका दिवसाला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊनच गेला. बांबूला हात लावायची गरज नव्हती. आपल्या काठीची उंची आणि तिची सावली, बांबूची सावली, एक साधा गुणाकार. बत्तीस फूट. तळमजला आणि वर दोन. त्याने तिथूनच वेदिकाला फोन लावला आणि दक्षिणेला बत्तीस फूट उभं राहिलं तर काय होईल ते विचारलं. संगणकावर ती काहीतरी फिरवत होती, ते त्याला ऐकू येत होतं. "डिसेंबर-जानेवारीत खालच्या खिडक्यांना ऊन नाही काका," ती शेवटी म्हणाली. "वरच्या खोलीला थोडं मिळेल." त्याने फोन खिशात टाकला आणि तेव्हा त्याला दगड दिसले. तीन गोटे, चुन्यात बुडवलेले. एक वायव्येला, एक सरळ उत्तरेला, एक ईशान्येला. त्याच्या प्लॉटच्या आत. काल सावलीचं टोक दहा वाजता जिथे होतं तिथे पहिला. दुसरा बाराचा असणार, तिसरा दोनचा. म्हणजे चंदर त्याच्या जागेत शिरला होता, खुणा करून गेला होता. आधी सावली, मग दगड, मग पुढे काय? जमिनी अशाच जातात. दगडाला कोणी हरकत घेतली नाही, की काही वर्षांनी दगडच खरा ठरतो.

गोटा हातात घेतल्यावर मात्र त्याला विचित्र वाटलं. असा ओला चुना हाताला कधीतरी लागला होता. तो सात-आठ वर्षांचा असेल, बांधावर उकिडवा बसलेला, तात्या उन्हाकडे पाठ करून उभे, आणि म्हणतायत, ठेव रे भारत, टोकावर ठेव, हलू देऊ नको. सावलीच्या टोकावर गोटा ठेवला की थोड्या वेळाने सावली तिथून निघून जायची आणि गोटा एकटाच राहायचा. त्याला ती गंमत वाटायची. काय होतं ते? कसला तरी खेळ असेल. पुढल्याच वर्षी त्याला शिक्षणासाठी इगतपुरीला मामाकडे धाडलं. मामा रेल्वेत होता. तिथे बाराही महिने भिंतींना ओल असायची आणि ऊन मोजायचा प्रश्नच नव्हता. त्याने आठवण झटकली, तिन्ही गोटे उचलले आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकून दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने बांबू काढला. चंदर बाजारात असतो ती वेळ. आधी त्याने चंदरच्या प्लॉटकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. कोणी नव्हतं. बांबू खोल रोवलेला नव्हता, हलवल्यावर सुटला, पण बत्तीस फुटांचं ते धूड आवरताना त्याला धाप लागली आणि क्षणभर त्याला भीती वाटली की हे आपल्याच अंगावर येतंय. मोडतोड करायची नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. उद्या कोणी म्हणायला नको, भारतने वस्तूची नासधूस केली. म्हणून त्याने तो नीट, हद्दीच्या बांधाला धरून, आडवा ठेवला. लाल फडकंसुद्धा सरळ केलं. मग हात झटकून तो आपल्या बैठकीत येऊन उभा राहिला. सगळ्या खोलीभर ऊन होतं. त्याला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला लगेच शंकाही आली.

आता भांडण होणार, म्हणून तो तयारी करत राहिला. आंघोळ करताना, चहा पिताना मनात चंदरशी बोलायचा, त्याची वाक्यं त्यालाच देऊन मग खोडून काढायचा. पण चंदर आला नाही. दोन दिवस, चार दिवस. बांबू तसाच आडवा पडून होता. एकदा रस्त्यात समोरासमोर आले तर चंदर म्हणाला, "काकीला बरं नव्हतं, आता हाय बरी," आणि पुढे गेला. आवाजात राग नव्हता. राग नाही म्हणजे याने काहीतरी दुसरं सुरू केलंय. लंकाबाईचा काय संबंध? तिच्याकडे हा कशाला जातो? ऐंशीच्या घरातली बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, उत्तरेच्या प्लॉटवर पत्र्याच्या एका खोलीत राहायची आणि उरलेल्या जागेत शेवंतीचे वाफे करायची. फुलं चाचपून तोडायची. तिच्याकडून चंदरने सह्या-बिह्या घेतल्या तर? भारतला झोप येईना.

सहाव्या दिवशी वेदिकाचा फोन आला. "काका, तुमचे भाऊ ऑफिसला येऊन गेले. तुम्हाला माहितीये ना?"

त्याला माहीत नव्हतं. तो बसने निघाला. द्वारकेच्या चौकात गाड्या एकमेकींत अशा अडकल्या होत्या की बस वीस मिनिटं जागची हलली नाही, आणि त्या वीस मिनिटांत त्याने सगळं जुळवलं. चंदरने या पोरीला गाठलं. आपला नकाशा पाहिला. आता तो नेमकं तिथेच उंच बांधणार जिथे आपल्याला लागेल. म्हणूनच ती फोनवर एवढी सावकाश बोलत होती. आणि आपण, मूर्खासारखे, त्या दिवशी बत्तीस फुटांचा हिशेब तिलाच विचारून बसलो.

वेदिकाच्या टेबलावर चंदरचा नकाशा उघडाच होता. भारतने बसायच्या आधी तो पाहिला. एक मजला. त्याने वरचा कागद उलटून खालचा पाहिला. खाली काही नव्हतं.

"एकच?" तो म्हणाला.

"हो ना. मीही तेच म्हटलं. अमोलचं लग्न ठरलंय, त्याला वरती काढून देऊ या का, तर नाही म्हणाले. अमोल पंचवटीत भाड्याने राहील म्हणाले." अमोल चंदरचा एकुलता एक मुलगा. वेदिका पेन्सिलीशी खेळत थांबली. "ते असं काहीतरी म्हणाले की धाकट्याने काठी आडवी केलीय, आता वर जाता यायचं नाही. तीन दिवस उभी राहिली असती तर गेलो असतो. काका, काठी आडवी करणं म्हणजे काय?"

भारत खुर्चीवर बसला. सगळं एकदम आलं. बांध. तात्या. लंकाबाईचा नवरा, बहिरूकाका, पलीकडच्या तुकड्यात मेथी करायचा. तात्यांना बांधाला शेवग्याची रांग लावायची होती. शेवगा जेवढा वाढेल तेवढी काठी तात्यांनी भर मार्गशीर्षात उभी केली, शेंड्याला फडकं बांधलं, आणि सावली जिथे जिथे जाईल तिथे भारतला गोटे ठेवायला लावले, म्हणजे काकाला वाफ्यात आल्या आल्या दिसावं. तीन दिवस काठी उभी ठेवायची. पलीकडच्याला चालत असेल तर तो तिला हात लावत नाही. चालत नसेल तर आडवी करून बांधाला ठेवतो. कोणी कोणाला एक शब्द बोलत नाही, कारण तोंडाने विचारलं की आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी बहिरूकाकाने काठी आडवी केली. संध्याकाळी तोच चहाला आला, तात्यांनी त्याला मेथीचा भाव विचारला, आणि शेवगा कधीच लागला नाही. हे सगळं भारतने डोळ्यांनी पाहिलं होतं. चंदर दादा त्याला विचारत होता. घरातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात अदबीच्या रीतीने, थोरला असून धाकट्याला.

"काही नाही," तो वेदिकाला म्हणाला. "आमच्याकडची पद्धत आहे." आणि त्याला रडू यायला लागलं म्हणून त्याने चष्मा पुसायला काढला.

चंदर ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होता. भारतने काही प्रस्तावना केली नाही. "दादा, मला आठवलं नव्हतं. मी ती काठी... मला वाटलं..." काय वाटलं होतं, ते त्याला सांगता येईना. सगळं सांगितलं असतं तर चिठ्ठ्यांपर्यंत जावं लागलं असतं. "मी उभी करतो परत. तू वर बांध."

"परत उभी करत नसतात," चंदर म्हणाला. सुई चालूच होती. "मंग इचारण्याला अर्थ काय राह्यला?"

"पण मी चुकून..."

"चुकून बी हातच लागला ना? तुला नको होतं म्हनूनच लागला." यात कुठेही टोमणा नव्हता. हेच असह्य होतं. भारत शोधत होता, आवाजात, डोळ्यांत, आणि काही सापडत नव्हतं. "तुझं काय वाईट केलं नाय तू. ऊन तुझं हाय. त्या कारखान्यात काय उजेड पाह्यला तू जलमभर? अमोल राहील पंचवटीला, त्याला काय झालं." मग त्याने गाठ मारली, दोरा दाताने तोडला, आणि सहज विचारलं, "तू काकीकडं लावली का काठी?"

भारतने लावली नव्हती. लावायचा प्रश्नच त्याच्या मनात आला नव्हता. पंधरा दिवस तो दक्षिणेकडे तोंड करून उभा होता, आपल्यावर कोणाची सावली पडते ते बघत. आपली सावली कोणावर पडते हे बघायला नुसती मान वळवावी लागली असती. वर ती एक खोली आहे, तिच्यावर कठडा आणि पॅनेलं, बावीस फूट. वेदिकाच्या संगणकावर घराच्या उत्तरेला एक करडा पट्टा दिसायचा, आणि त्याने तिला तो कोपरा कधी मोठा करून दाखवायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुतळीचे वेढे सोडले, दोनांतला लांब बांबू घेतला, बावीस फुटांवर फडकं बांधलं आणि आपल्या घराच्या उत्तरेच्या भिंतीची फक्की होती तिथे उभा केला. चुना कालवून गोटे बुडवले. दहाला, बाराला, दोनला तो ते ठेवत गेला. बाराचा गोटा शेवंतीच्या तिसऱ्या वाफ्यात पडला, पिवळ्या फुलांच्या मधोमध. लंकाबाई खोलीच्या दारात बसून होती. तिला काठी दिसली असेल का? दिसली नसेल तर ती आडवी कशी करणार? आणि न दिसल्यामुळे उभी राहिली, तर तो होकार धरायचा का? एवढं मनात आलं तरी तो तिला सांगायला गेला नाही, कारण तोंडाने विचारायचं नसतं. ती रीत आता त्याला नेमकी सोयीची पडत होती, हेही त्याच्या लक्षात आलं.

दुसरा दिवस गेला. काठी उभी. तिसऱ्या दिवशी तो उजाडता उजाडता गेला. काठी उभीच होती. त्याला वाटलं, खोली आपली झाली, ऊन आपलं झालं. मग त्याला लंकाबाई दिसली. ती वाफ्यात उकिडवी बसली होती, हातात खुरपं. शेवंतीचं एकेक रोप मुळाच्या मातीसकट काढून ती पाटीत ठेवत होती, आणि पाटी ओढत ओढत गोट्यांच्या पलीकडे, उत्तरेच्या कुंपणाशी, जिथे सावली पोचणार नव्हती तिथे नेऊन लावत होती. ऐन बहरातली रोपं हलवली की फुलं जातात, हे माळ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. दोन वाफे रिकामे झाले होते. म्हणजे ती कालपासून हे करत असणार. एका हाताने ती जमीन चाचपायची, गोटा लागला की थांबायची, आणि तिथून पुढे हात टाकायची.

भारतच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की ही आपल्याला दाखवायला करतेय. चंदरने पढवलं असेल, जा, त्याच्यासमोर बसून रोपं उपट. तो तिथेच थांबून ती वळून बघते का याची वाट पाहत राहिला. ती वळली नाही. तो मुद्दाम खाकरला. तिने मान वर केली, भलत्याच दिशेला, रस्त्याकडे, आणि म्हणाली, "कोन हाय? चंदर का रं? भारतला म्हनावं, माझं आटपलं. बांध म्हनावं खुशाल." आणि पुन्हा खाली वाकली.

बोलला असता तर तिला कळलं असतं की तोच आहे. उन्हाचा पहिला पट्टा पूर्वेच्या कालव्याकडून येत होता आणि काठीची लांबच लांब सावली रिकाम्या वाफ्यावरून पलीकडे गेली होती. वरची खोली त्याला आता स्पष्ट दिसत होती, खुर्ची कुठे असेल, पाय कुठे असतील, ऊन गुडघ्यापर्यंत कधी येईल. त्याने काठीला हात घातला. स्वतःची काठी स्वतः आडवी केलेली तात्यांच्या काळात कोणी ऐकली नव्हती. आणि हेही आपण दाखवायला तर करत नाही ना, अशी शंका त्याला आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा माल तपासायला घेतला होता आणि तो काही लगेच सिद्ध होईना.

त्याने चंदरच्या प्लॉटकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. कोणी नव्हतं. लंकाबाईची पाठ त्याच्याकडे होती. मग त्याने काठी उपटली आणि आवाज न होऊ देता बांधाला धरून आडवी ठेवली.